रांगेत नंबर तरी द्या



२०१२ च्या उन्हाळ्यात पुण्याला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, हे आपल्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. कुणी शहाळी आणली, कुणी सफरचंदं. थोरल्या मेहुण्यांनी तर स्वतःचा हर्नियाचा पट्टा आणून दिला होता. तो अजून कपाटात घडी करून ठेवलेला आहे. इतक्या वर्षांनी आज सांगतो, तो हर्निया नव्हता.

मधुमेहाने माझी ताठरता गेली होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आणि शेवटी निवृत्तीच्या पैशातून मी लिंगात इम्प्लांट बसवून घेतलं. ते अकरा वर्षं छान चाललं. २०२३ च्या दिवाळीत बिघडलं. तेव्हापासून ते बदलून मिळण्याची वाट पाहतो आहे. अजून पाहतोच आहे.

हे वाचून ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी इथेच थांबावं. माझा अजिबात राग नाही. सुनबाईंनी तर नक्कीच थांबलं तरी चालेल! पण पुतणे, भाचे आणि जुने विद्यार्थी मंडळींनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. आमच्या हिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा. माझं नाव घालू नका, आणि रडगाणं गाऊ नका." दोन्ही अटी मान्य केल्या. म्हणून आज रडणार नाही, भांडणार आहे.

भांडण कुणाशी? "या वयात कशाला?" या तीन शब्दांशी.

आधी ही वस्तू काय असते ते सांगतो. आमच्या भागात मोटर, पाइप आणि टाकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे काम सोपं आहे. लिंगात दोन पोकळ नळ्या, ओटीपोटात मिठाच्या पाण्याची छोटी टाकी आणि अंडकोशाच्या पिशवीत बोटाने दाबता येईल असा पंप. पंप दाबला की टाकीतलं पाणी नळ्यांत येतं, कळ दाबली की परत टाकीत जातं. बाहेरून काही दिसत नाही. अमेरिकेत डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली अशा यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे हा काही कालपरवाचा चमत्कार नाही, पन्नास वर्षं होऊन गेली. दुसरा साधा प्रकार असतो तो वाकवता येणाऱ्या कांड्यांचा. त्यात ना पंप, ना पाणी, त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नाही. मुंबईच्या डॉ. रुपिन शहा यांनी या प्रकारातलं भारतीय बनावटीचं इम्प्लांट तयार केलं, आणि ते परदेशी यंत्राच्या मानाने फारच स्वस्त पडतं.

पाण्यावर चालणारी बहुतेक यंत्रं दहा वर्षांच्या पुढे जातात. पण यंत्र ते यंत्रच. कुठेतरी बारीक चीर पडते आणि पाणी झिरपून जातं. मिठाचंच पाणी ते, शरीरात जिरतं, अपाय काही नाही. फक्त पंप दाबला की हाताला पोकळ लागतं. कोरड्या विहिरीवरच्या मोटरीसारखं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे बसवताना लिंगातल्या स्पंजासारख्या भागात नळ्यांसाठी जागा करावी लागते. त्यानंतर गोळीचा उपयोग होत नाही. इंजेक्शन तर द्यायचंच नाही, नळीला भोक पडेल. म्हणजे इम्प्लांट बिघडलं की माणूस पूर्वीच्या आजारावर परत येत नाही, त्याच्याही मागे जातो. परतीची वाट राहिलेलीच नसते. "एकदा हौस झाली ना, आता राहू द्या," असं मला एकाने सांगितलं. गुडघा बदललेल्या माणसाचा नवा गुडघा सैल झाला, तर त्याला "आता तुमचा जुनाच वापरा" असं कुणी सांगेल का?

आता वाट पाहण्याची हकीकत. पहिले पाच महिने मी कुणालाच काही बोललो नाही. तो उशीर सर्वस्वी माझा, तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही. मग पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. कधी जेऊरहून रेल्वेने, कधी एसटीने. ज्यांनी ऑपरेशन केलं होतं ते सर्जन निवृत्त झालेले. दुसरीकडे नव्याने केसपेपर. तिथे तारीख मिळाली, आणि आदल्या आठवड्यात फोन आला की मागवलेलं यंत्र आलेलं नाही. दुसरी तारीख माझ्या वाढलेल्या साखरेने घालवली. तिसऱ्या वेळी यंत्राची पूर्ण रक्कम आगाऊ भरायला सांगितली. ती सहा लाखांच्या पुढे होती. विमा कंपनीने "अत्यावश्यक उपचार नाही" असं एका ओळीत कळवलं. एका रुग्णालयात सरकारी योजनेच्या खिडकीवर बसलेल्या मुलाने यादी खालीवर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मुलगा दुष्ट नव्हता. माझ्या वर्गात असता तर मी त्याला चांगलाच मुलगा म्हटलं असतं. आणि एका तरुण डॉक्टरांनी माझे कागद बंद करून म्हटलं, "सर, आता या वयात कशाला? देवाधर्मात मन रमवा."

देवाधर्माला माझी ना नाही. पण डॉक्टरांकडे मी मन रमवायला गेलो नव्हतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलत होतो. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा नियम असा आहे, की डॉक्टरांनी तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, निदान शंभरातल्या ९२ जणांचे. २०१६ पासून हा नियम त्यांना पाळता आलेला नाही. २०२२ साली त्यांची प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर गेली. तो बिचारा तिकडच्या कारभारावर तोंडसुख घेत होता आणि मला इकडे त्यांचा हेवा वाटत होता! अरे बाबा, यादी आहे म्हणून तर ती लांबलेली तुम्हाला दिसते. ती वर्तमानपत्रात छापून येते, तिच्यावरून मंत्र्याला जाब विचारता येतो. आमच्याकडे यादीच नाही. म्हणून आमच्याकडे कागदोपत्री कुणी वाट पाहतच नाही.

आमच्या तालुक्याला वाट पाहणं नवीन नाही. उजनी धरणात ज्यांची गावं गेली, त्यांनी किती वर्षं खेटे घातले ते मी जवळून पाहिलेलं आहे. त्यांचे हाल माझ्यापेक्षा हजारपट मोठे, बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण त्या माणसाच्या हातात धरणग्रस्त असल्याचा एक दाखला असतो. तो साहेबाच्या टेबलावर ठेवून त्याला म्हणता येतं की मी वाट पाहतोय. माझ्यासारख्याकडे कसला दाखला आहे? मी जे गमावलं त्याचं नाव उच्चारलं तरी समोरचा हसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की ही रांग यंत्राअभावी लागलेली नाही, आणि नुसत्या सर्जनच्या टंचाईनेही नाही. ती आपल्या मताने लागलेली आहे. म्हाताऱ्याला शरीर नसतं, असलंच तर ते फक्त दुखायला असतं, हे आपलं मत. त्या मतातून विम्याचा नकार येतो, योजनेच्या यादीतला रिकामा रकाना येतो, डॉक्टरांचा उपदेश येतो, आणि मी स्वतः गप्प बसून घालवलेले पाच महिनेही त्यातूनच येतात.

आता कुणी म्हणेल, मास्तर, इथे तालुक्याच्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन वेळेवर मिळेल की नाही याची धास्ती असते, बाळंतिणीला पुढे सोलापूरला हलवतात, आणि तुम्हाला हे सुचतंय? हा प्रश्न रास्त आहे. मी त्याच्यासमोर मान खाली घालतो. ज्याचा जीव जातोय त्याच्या पुढे मला कुणी उभं करू नये. मला रांगेत पहिला नंबर नकोच आहे. पण रांगेत नंबर तरी द्या! शेवटचा द्या, पण द्या.

आणि जिवावरचं तेवढंच आवश्यक, असं आपण इतर बाबतीत म्हणतो का? मोतीबिंदूने कुणी मरत नाही. तरी त्याची शिबिरं आपण गावोगाव भरवतो, आणि ऐंशीच्या आजीला "आता या वयात काय बघायचं राहिलंय?" असं विचारत नाही. गुडघ्यानेही कुणी मरत नाही. तरी २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या आणि त्या बऱ्याच खाली आणल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटचं केलं होतं. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. फार चांगलं काम झालं. लिंगाच्या इम्प्लांटला मात्र असं छत नाही. एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, आणि त्यांची छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणजे वाढीला लगाम घातला, मुळात जी किंमत आहे तिला हात लावला नाही. गुडघ्याच्या बाबतीत जे जमलं ते इथे जमणार नाही असं काही आहे का? फरक एवढाच, की गुडघा दुखतो हे आमदारांच्या वडिलांनाही चारचौघांत सांगता येतं.

चारचौघांत सांगण्यावरून आठवलं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत एकहाती चालवलं. वाचक आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारायचे, ते उत्तरं द्यायचे. अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. बाबासाहेबांची बाजू साधी होती. लोकांना शंका आहेत, आणि त्या ज्ञानानेच फिटतील. तरीही खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आता दुसरी बाजू बघा. लैंगिक शक्ती वाढवून देतो अशी औषधांची जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा तो कायदा. पण कुठल्याही एसटी स्टँडच्या मुतारीत जा, नाहीतर रेल्वेलगतच्या भिंती बघा. 'शर्तिया इलाज', 'गुप्तरोग', 'एकदा भेटा'. ज्याने खरं सांगितलं त्याला दंड झाला, आणि जो खोटं विकतो त्याला अख्खी भिंत मोकळी. आपण प्रामाणिक माणसाला बोलू देत नाही, म्हणून भोंदूचं दुकान चालतं. मीही १९९९ साली अशाच एका तंबूत अकराशे रुपये घालून आलेलो आहे. आज कबूल करतो.

आणि ही नुसती लाजेची किंमत नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी बुजू शकतात. ताठरता कमी होणं ही कधी कधी पुढे येणाऱ्या हृदयविकाराची पहिली सूचना असते. पन्नाशीतला माणूस लाजेने गप्प बसतो, तेव्हा तो ती सूचनाही दाबून टाकतो. पुतण्यांनो, भाच्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. असं काही झालं तर तंबूत जाऊ नका. साखर, रक्तदाब आणि छाती तपासून घ्या.

आता ही वाट मी कशी पाहतो ते सांगतो. कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे कागद. इम्प्लांटचं कार्ड, कंपनी, प्रकार, माप, ऑपरेशनची टिपणं, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवलं. नव्या सर्जनला आत कुठलं यंत्र आहे ते कळलं तर त्यांचं काम सोपं होतं. माझं कार्ड दोन महिने सापडत नव्हतं, शेवटी निघालं ते पेन्शनच्या कागदांत.

दुसरं, साखर. दुसऱ्यांदा करायच्या ऑपरेशनात जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. दुसरी तारीख गेली त्या दिवसापासून मी सकाळ संध्याकाळ चालतो आणि चहातली साखर बंद केली आहे. आता तारीख हुकली तर निदान माझ्यामुळे हुकणार नाही.

तिसरं, थांबायचं कधी नाही ते ओळखणं. पाणी गळून यंत्र बंद पडलं तर घाई नाही. पण तिथली कातडी लाल झाली, दुखायला लागली, पू आला, ताप आला, तर एक दिवसही घरी बसू नये. जंतुसंसर्ग झालेलं यंत्र काढावं लागतं. आणि ते काढल्यावर जागा फार काळ रिकामी राहिली तर आत कडक व्रण धरतात, लांबी कमी होते आणि पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. अशा माणसाला महिनोन् महिने ताटकळत ठेवणं म्हणजे त्याचं कायमचं नुकसान करणं. हे तरी 'अत्यावश्यक नाही'वाल्यांनी ध्यानात घ्यावं.

चौथं, पंपाशी खेळत बसू नये, आणि कुणी सांगितलं म्हणून व्हॅक्युमचं साधन किंवा इंजेक्शन आपल्या मनाने वापरू नये.

पाचवं मला सर्वांत उशिरा कळलं. यंत्र बिघडल्यावर मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो होतो. म्हटलं, उगाच कशाला. चार महिने असे गेले. एका रात्री ही चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "यंत्र बंद पडलंय तुमचं, तोंड कशाला बंद केलंत?" मंडळी, चव्वेचाळीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं, शिकवण्या धरून, पण इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही. तिला माझ्या ताठरतेची जेवढी वाट पाहायची नव्हती तेवढी माझ्या बोलण्याची होती. त्या रात्री मी आत परत आलो. हात हातात घेऊन झोपायला यंत्र लागत नाही, हे सत्तरी ओलांडल्यावर शिकलो.

पण याचा अर्थ कुणी असा लावू नये, की मग मास्तरांचं भागलं, आता ऑपरेशन कशाला! तिथेच आपली गल्लत होते. मी काठीवर चालायला शिकलो म्हणून माझा पाय बरा झाला असं होत नाही. वाट पाहताना माणूस जुळवून घेतो तो त्याचा धीर असतो. तो धीर म्हणजे गरज संपल्याची पावती नव्हे.

आमच्या कमलादेवीच्या माळावर जी खोल विहीर आहे तिला ९६ पायऱ्या आहेत. लहानपणी आम्ही मोजत मोजत उतरायचो. किती उतरायचं ते ठाऊक असलं की पाय थकले तरी माणूस घाबरत नाही. मला माझ्या वाटेच्या पायऱ्या कुणीतरी मोजून द्याव्यात, एवढंच मागणं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम जाणणारा एक तरी तज्ज्ञ ठरावीक दिवशी बसावा. सरकारी रुग्णालयात या ऑपरेशनची नोंदवही असावी, तीत नाव आणि तारीख लिहून मिळावी. मधुमेहाने, कर्करोगाच्या ऑपरेशनने किंवा अपघाताने ज्याची ताठरता गेली, त्याच्यासाठी निदान साध्या कांड्यांचं भारतीय इम्प्लांट योजनेत यावं. किमतीला छत घालावं. आणि विम्याचा नकार एका ओळीत न येता कारणांसह यावा. यात जगावेगळं काय आहे?

मी स्वतः आता भारतीय कांड्यांचा पर्याय विचारायला पुण्याला जाणार आहे. सहा लाख माझ्याने होणार नाहीत, आणि मुलाकडे मी मागणार नाही. या वेळी ही बरोबर येणार आहे. २०१२ साली मी तिला डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसवलं होतं. या वेळी ती आत बसेल.

आणि कुणी विचारलं तर या वेळी हर्निया सांगणार नाही. असो. थोरले मेहुणे नवरात्रात देवीच्या दर्शनाला येतील, तेव्हा त्यांचा पट्टा त्यांना परत करायचा आहे. तो मी एकदाही वापरलेला नाही, कोरा करकरीत आहे.